सोबती एकदाच

शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंना सारी वस्ती शिवणबाईच म्हणायची. त्यांचं खरं नाव महिन्यातून एकदा, पगाराची सही करताना तेवढं कामाला येई. तर त्या शिवणबाई मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी निवडणूक कचेरीच्या व्हरांड्यात बसून एका पत्र्याच्या पेटीला कापडाचा अंगरखा शिवत होत्या. पेटीच्या डोक्यावर मतपत्रिका टाकायची फट होती, तेवढीच चीर अंगरख्यालाही ठेवायची. काम आटोपलं की ती चीर शिवून वर लाख ओतायची, अशी रीत. हिला म्हणत फिरती पेटी. जी माणसं अंथरुणाला खिळलेली, त्यांच्या घरी ही पेटी स्वतः चालत जाई. यंदा ती घरोघरी न्यायचं सरकारी काम शिवणबाईंवर आलं होतं.

एरवी बोलता बोलता काजं करणाऱ्या बाई. पण आज सुई दोनदा बोटात घुसली. धाकटा भाऊ आठवडाभर पोलीस चौकीच्या कोठडीत होता. शिडी हे चिन्ह असलेल्या उमेदवाराचा कागद भिंतीला चिकटवताना सापडला, एवढाच गुन्हा. तो उमेदवार तर तुरुंगातूनच उभा होता. त्याच्या सभा बंद, त्याची बातमी छापणारं वर्तमानपत्र बंद, आणि त्याचं नाव मोठ्याने घेणारी तोंडंही एकेक करून बंद होत चालली होती. सरकारपक्षाचं चिन्ह छत्री. लोक दार लावून घेऊन म्हणत, "काय छत्री आहे! पाऊस पडो न पडो, खाली उभं राहिलंच पाहिजे."

मोठे साहेब चष्मा पुसत आले आणि नियमांचं पत्रक कंटाळलेल्या आवाजात वाचू लागले. ऐकायला दोघंच, शिवणबाई आणि दाराशी उभा असलेला बंदोबस्ताचा हवालदार.

"ज्याला स्वतःच्या हाताने शिक्का मारता येत नाही त्याने आपल्या पसंतीचा सोबती निवडावा. सोबत्याने मोठ्याने शपथ घ्यावी की पाहिलेलं कुणाला सांगणार नाही. मग त्याच्या उजव्या अंगठ्याला न पुसणारी शाई लावावी. अंगठ्याला शाई असलेला माणूस पुन्हा कुणाचा सोबती होऊ शकत नाही." साहेबांनी पत्रकाची घडी केली. "वाचायचं काम माझं, ते झालं. पाळायचं तुमचं. चहा घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या, बाई. पुढे कोण देईल न देईल."

चहा संपत आला तेव्हा काका उगवले. काका म्हणजे वस्तीतले छत्रीवाले पुढारी. सख्खा पुतण्या एकही नाही, पण काका साऱ्यांचे. पेटीबरोबर पक्षाचा एक माणूस जाऊ शकतो, तो मान त्यांनी स्वतःकडे घेतला होता, आणि मागून गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक छायाचित्रकार धापा टाकत येत होता. त्याला गाठण्याच्या नादातच काकांना उशीर झाला होता.

"बाई, जरा इकडे या बरं," म्हणत त्यांनी शिवणबाईंना व्हरांड्याच्या टोकाला नेलं. आवाजात साखर. "धाकट्याची काळजी करू नका. पोरगं आपलंच आहे. वय असतं, डोकं फिरतं. पेटी माझ्या मनासारखी परत आली की तो आज आईच्या हातचं जेवेल."

"आणि नाही आली तर?"

"तर त्याला मोठ्या तुरुंगात धाडायचा कागद तयार आहे. मोठा तुरुंग लांब आहे हो, बाई. तिथे गेलेलं माणूस कधी परत येतं, ते पाठवणाऱ्यालाही सांगता येत नाही."

"मनासारखी म्हणजे काय?"

"अहो, या म्हाताऱ्याकोताऱ्यांना कुठे दिसतंय, कुठे शिक्का उचलतोय! मी आहे की सोबतीला. तुम्ही फक्त खिडकीबाहेर बघायचं. देवाने घराघराला खिडक्या कशाला दिल्यात?"

माणसाचं मन मोठं लबाड. पाप करायचं झालं तरी ते आधी कोपऱ्यात एक स्वच्छ आसन शोधतं. बाईंनी मनाशी म्हटलं, मी शिक्का मारणार नाही, खोटं बोलणार नाही. नुसती बाहेर बघेन. बाहेर बघण्यात कसलं पाप? घरी आईने सकाळपासून धाकट्याचं अंथरूण उन्हात टाकलं होतं. "कचेरीत मोठमोठी माणसं भेटतील, कुणाच्या तरी पाया पड," असं तिने निघताना सांगितलं होतं. पायाही पडावं लागत नव्हतं. नुसती मान वळवायची होती.

पहिलं घर काकांनीच ठरवलं, त्यांच्या मावशीचं. मावशीचं माकडहाड मोडलेलं, पण जीभ शाबूत. हातही चांगले चालत होते. शिक्का सहज मारला असता. पण भाचा सोबतीला येणार, वर्तमानपत्रात फोटो येणार, हे ऐकून तिने नवं लुगडं नेसून घेतलं होतं.

"मला सोबती हवा, आणि हाच हवा!" मावशीने फर्मावलं. "सोन्या, शपथ नीट घे हो. लहानपणी डब्यातली साखर खाऊन शपथेवर नाही म्हणाला होतास."

"मावशी, लोक आहेत," काका पुटपुटले.

"लोक आहेत म्हणूनच सांगतेय."

छायाचित्रकाराने हसू दाबलं. काकांनी छातीवर हात ठेवून शपथ घेतली, ती अशी की खालच्या रस्त्यावर ऐकू जावी. बाईंनीच शिवलेल्या काळ्या पडद्याआड दोघांनी शिक्का मारला, मतपत्रिका पेटीत पडली. मग काकांनी उजवा अंगठा पुढे केला, मान जरा तिरपी केली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "लावा, बाई. चांगली ठळक लावा. फोटोत दिसली पाहिजे."

शिवणबाईंनी काडी बाटलीत बुडवली आणि नखापासून पेरापर्यंत ठळक रेघ ओढली. दिवसभर हेच करायचं होतं. हात आपोआप चालला. शाई नखाच्या कडेने आत उतरली, आणि काडी उचलता उचलता साहेबांचा तो कंटाळलेला आवाज बाईंच्या कानात पुन्हा उमटला. अंगठ्याला शाई असलेला माणूस पुन्हा कुणाचा सोबती होऊ शकत नाही.

काकांना हे ठाऊकच नव्हतं! शाई म्हणजे त्यांच्या लेखी फोटोची सजावट. ठाऊक होतं ते आपल्याला, आणि... बाईंनी हळूच मान वळवली. हवालदार दाराशी उभा राहून आपल्या बुटांकडे बघत होता. इतक्या लक्षपूर्वक, की त्या बुटांत काही नवं उगवलंय की काय असं वाटावं.

रस्त्याने काका आणि छायाचित्रकार पुढे, मागून बाई आणि हवालदार. पेटी दोघांच्या मधे, एकेक कडी एकेकाच्या हातात. एका वळणावर हवालदाराने हात बदलला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "जड आहे हो, बाई."

"एकच मतपत्रिका आहे आत," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी."

दुसरं घर जिना चढून. तिथल्या आजी जन्मभर टेलिफोन केंद्रात बसून होत्या. अर्ध्या शहराची बोलणी त्यांनी जोडून दिली, कुणाचं भांडण, कुणाचं लग्न, कुणाचा निरोप, आणि त्यातला एक शब्द कधी घरी आणला नाही. आता झटक्याने वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. डावा हात पांघरुणावर होता. डोळे मात्र जागे. सून पलंगाच्या डोक्याशी उभी होती आणि पदराच्या टोकाला उगाच पीळ देत होती. तिचा नवरा सरकारी नोकरीत.

शिवणबाईंनी मतपत्रिका आजींच्या डाव्या हाताशी ठेवली. काकांनी शिक्का उचलला.

"आजी, तुम्ही पडून राहा आरामात. मी आहे सोबतीला. बाई, हवा छान सुटलीय बघा बाहेर."

बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. समोरच्या गच्चीवर कुणाची तरी चादर वाळत होती. बाई त्या चादरीच्या शिवणीकडे बघत राहिल्या, मनात देवाचं नाव घेऊ लागल्या. पण नामसुद्धा चोरासारखं अडखळत येत होतं. मागे कागद कुरकुरला. मग पुन्हा. मग काकांचा आवाज, साखर जरा कमी झालेली, "सोडा, आजी. सोडा की."

बाईंनी वळून पाहिलं. काका मतपत्रिका ओढत होते आणि आजींनी तिचं एक टोक डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून ठेवलं होतं. त्या बोटांत जोर तो किती असणार! तान्ह्या मुलाने पदर धरावा तेवढा. पण सुटत नव्हतं. आणि आजी काकांकडे बघत नव्हत्या. त्या बघत होत्या शिवणबाईंकडे.

"थांबा," बाई म्हणाल्या.

आपला आवाज आपल्यालाच परका वाटावा, तसं झालं.

"काय?" काकांनी मान वर केली.

"तुम्हाला सोबती होता येणार नाही, काका. तुमच्या अंगठ्याला शाई आहे."

"ती तर तुम्हीच लावलीत!"

"मीच लावली. एका माणसाला एकदाच सोबती होता येतं. सकाळी साहेबांनी वाचून दाखवलं."

काका हसले. खोलीत दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांचं हसू एकटं पडलं. "हवालदार, असला काही नियम आहे?"

हवालदाराने बुटांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. कुठेच सोय झाली नाही. "आहे म्हणजे... वाचला तर होता, काका."

काकांनी रुमालाला थुंकी लावून अंगठा खसाखसा घासला. रुमाल जांभळा झाला, अंगठा होता तसाच. "पुसा ही शाई!" ते ओरडले.

"पुसली जात नाही म्हणूनच लावतात," बाई म्हणाल्या. त्यांनी पेटीच्या कडीला धरून ठेवलं.

काकांनी त्यांना दंडाला धरून बाहेर जिन्यावर नेलं. दार ओढून घेतलं. आता साखर पार संपली होती. "शहाणपणा कुणाला शिकवता? दोन गल्ल्या पलीकडे पोरगं कोठडीत बसलंय तुमचं. खाली जाऊन एक फोन केला की दुपारच्या गाडीत बसवतील त्याला. आत जा आणि म्हणा, माझी चूक झाली, नियम नीट आठवला नाही. एवढंच. मी हा विषय विसरून जाईन."

जिन्याच्या भिंतीला पोपडे धरले होते. शिवणबाई त्या भिंतीला टेकल्या. देव माणसाला परीक्षेला बसवतो, पण आधी तयारीला सुट्टी देत नाही. त्यांना धाकटा दिसला. चिडला की कान लाल होणारा, जेवताना ताटात आधी मीठ शोधणारा. आज तो घरी येईल. आई ताट वाढेल. आपण समोर बसू. आणि तो विचारेल, ताई, मला सोडलं कसं गं? हे विचारल्याशिवाय तो घास उचलणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्याचं उत्तर मनातल्या मनात त्यांनी देऊन पाहिलं. देता आलं नाही.

"काका," बाई म्हणाल्या, आणि आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही, "मला माझा भाऊ हवाय. तुम्हाला कल्पना नाही इतका हवाय. पण आजींच्या हातातला कागद माझा नाही हो. दुसऱ्याची वस्तू देऊन मी त्याला कसा सोडवून आणू?"

काकांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं. कागद आजच निघेल," एवढंच म्हणून ते आत शिरले.

आता आजींना दुसरा सोबती हवा. बाईंनी सुनेकडे पाहिलं. सून भिंतीला चिकटली. "माझ्या नवऱ्याची नोकरी आहे हो," ती कुजबुजली. शेजारचं दार, जे इतका वेळ बोटभर उघडं होतं, ते हलकेच लागलं. आजींनी हे सगळं पाहिलं. मग त्यांनी पांघरुणावरचा डावा हात कष्टाने उचलला, आणि बोट दाखवलं ते थेट दाराकडे.

"मी?" हवालदाराने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "आजी, मी बंदोबस्ताला आहे हो!"

बोट हललं नाही.

"नियमात कुठे नाही म्हटलंय?" बाईंनी विचारलं.

काकांचा चेहरा उजळला. "अरे वा! आजी हुशार आहेत. हवालदार आपलाच माणूस. हो, हो, घे शपथ."

हवालदाराने टोपी काढून काखेत धरली. शपथ घेताना काकांसारखा आवाज त्याने काढला नाही. एकेक शब्द असा उच्चारला, जसं पायाखालची फळी चाचपून बघत पुढे पाऊल टाकावं. पाहिलेलं कुणाला सांगणार नाही. विचारणारा कोणीही असो. मग तो पडद्याआड गेला. पडद्यामागून एकदा ऐकू आलं, "इथे? ... बरं." मग शिक्क्याचा ठक्क आवाज.

तो बाहेर आला, मतपत्रिकेची घडी त्याने पेटीत टाकली, अंगठा बाईंपुढे धरला. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता.

"हं? कशावर?" काकांनी विचारलं.

हवालदाराने टोपी घातली.

"मी विचारतोय, कशावर मारला?"

"शपथ घेतलीय, काका."

"अरे पण मी विचारतोय ना!"

"विचारणारा कोणीही असो, असंच होतं त्यात," हवालदार जवळजवळ रडवेला होऊन म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, घे शपथ."

आजींच्या तोंडाची एक बाजू हलली. ते हसू होतं हे कळायला सुनेलासुद्धा क्षण लागला.

जिना उतरताना काकांनी छायाचित्रकाराला दटावलं, "तू बरोबर राहा. मी ताजे अंगठे घेऊन येतो," आणि तरातरा निघून गेले. आधी फोन करायला गेले असणार, हे बाईंना न सांगता कळलं. त्यांनी पेटीची कडी उचलली. पाय ओढत नेले तरी चालले तर पाहिजेत.

तिसऱ्या घरी म्हातारे घड्याळजी. हातांना असा कंप, की चहाची बशी नुसती वाजत राही. ते एकटेच राहत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि छायाचित्रकारावर नजर रोखली. "तू ये रे. कॅमेरा स्थिर धरतोस, शिक्काही धरशील."

"आजोबा, मी काकांचा माणूस आहे."

"असशील. मी कुठे तुझं लग्न जमवतोय? शिक्का मारायचाय." पडद्याआडून त्यांचा आवाज येत राहिला, "खाली. अजून खाली. अरे, तिथे नको, तुझ्या काकांना वाईट वाटेल असा मार!" हवालदाराला खोकला आला. बाईंनी चटकन म्हटलं, "आजोबा, मनातलं मनात ठेवा, मोठ्याने नको." "माझ्या मनात आता फार जागा राहिली नाही गं," घड्याळजी म्हणाले.

पण चौथ्या घरापाशी हसू मावळलं. दारात काका उभे होते आणि मागे त्यांची सहा-सात धट्टीकट्टी माणसं. सगळ्यांचे अंगठे कोरे.

आत एक विणकर पडून होता. कारखान्यात पाठीचा कणा मोडला तेव्हापासून मानेखालचं अंग लाकूड झालेलं. त्याची बायको कामाला गेलेली. काकांची माणसं पलंगाभोवती उभी राहिली, तेव्हा खोलीत उजेडसुद्धा कमी झाला.

"निवड," काका विणकराला म्हणाले. "नियम आहे ना, पसंतीचा सोबती? हे सगळे तुझ्या पसंतीचे आहेत."

विणकराने डोळे मिटले. उघडले. "मला समोरची पाववाली हवी," तो म्हणाला.

बाईंनी खिडकीशी जाऊन हाक मारली. समोर भट्टी होती, तिचं दार उघडं होतं आणि आत कुणीतरी परातीवर पीठ आपटत होतं. हाक ऐकून आपटणं थांबलं. बाहेर कुणी आलं नाही. काकांचा एक माणूस खिडकीशी येऊन मोठ्याने म्हणाला, "जिला यायचंय तिने खुशाल यावं. आम्ही तोंड ओळखून ठेवू."

रस्त्यावर शुकशुकाट. बाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. कोणत्या तोंडाने मारणार? त्या फक्त खिडकीत उभ्या राहिल्या. आपल्या भावाचं काय झालं असेल, हा विचार त्यांनी दातांखाली धरून ठेवला.

मग पाववाली दारात आली. जाडजूड बाई, कोपरापर्यंत पीठ. तिने खिडकीतल्या त्या माणसाकडे पाहिलं आणि कडाडली, "ओळखून ठेव! रोज सकाळी उधारीवर पाव नेतोस तेव्हा बरं ओळखत नाहीस!" रस्ता ओलांडून, जिना चढून, माणसांना कोपराने बाजूला सारत ती पलंगाशी आली. प्रत्येकाच्या सदऱ्यावर तिच्या पिठाचा शिक्का उमटला. शपथ घेताना मात्र तिचा आवाज कापला. शाई लावताना बाईंना जाणवलं, तिचा हात बर्फासारखा गार होता.

ती भिऊन आली होती. न भिता येणाऱ्याचं कौतुक नाही; भीतीला कडेवर घेऊन येतो त्याचं खरं.

पुढे काय झालं ते बाईंना नंतर कधी नीट सांगता आलं नाही. बातमी पेटीच्या पुढे पुढे धावत होती. पुढच्या घराच्या पायरीवर एक न्हावी, हातात वस्तरा तसाच, उभा होता. त्याच्या पुढच्या घरी दोन विहिणी, ज्यांचं आपसात बोलणं बंद होतं, एकाच बाकावर बसून वाट बघत होत्या. "सोबती लागला तर आहोत," एवढंच म्हणत. काकांची माणसं दारादारात उभी राहिली. पण निवडणारा आजारी माणूस त्यांच्या खांद्यावरून मागे बघे आणि मागचं कुणीतरी पुढे होई. एका म्हातारीने काकांच्याच माणसाला निवडलं. त्याने शपथ घेतली, बाईंनी तेवढीच ठळक शाई लावली, मतपत्रिका तेवढ्याच सन्मानाने आत पडली. छत्रीवर पडली असेल, शिडीवर पडली असेल. ते पडद्याला ठाऊक.

शेवटच्या घराच्या पायऱ्या उतरल्या तेव्हा ऊन कलतं झालं होतं. खाली काकांची जीप.

"पेटी यात ठेवा. थकला असाल."

"चालत नेईन," बाई म्हणाल्या.

"अंतर आहे बरंच. वाटेत काही झालं तर?"

बाईंनी एकदा जीपकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. मग पदर खोचून त्या तिथेच पायरीवर बसल्या. पिशवीतून सुई काढली, दुहेरी दोरा ओवला आणि अंगरख्याची चीर शिवायला घेतली. बारीक, दाट टाके. दोन टाक्यांमध्ये मुंगी शिरणार नाही असे. न्हाव्याने आडोसा करून मेणबत्ती धरली, लाख वितळली, शिवणीवर ओतली. लाख निवेपर्यंत लोक नुसते उभे राहिले. कुणी घोषणा दिली नाही. काका सिगारेट पेटवत होते, काडी विझत होती, पुन्हा पेटवत होते.

मग बाई आणि हवालदार एकेक कडी धरून निघाले. थोडी माणसं मागून चालली, काही वळणावर गळली, काही कचेरीच्या फाटकापर्यंत आली. त्यांच्यात पाववाली होती.

मोठ्या साहेबांनी लाखेवर बोट फिरवून पाहिलं, पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं, पोच लिहिली. पोच देताना ते हात मागे घेईनात.

"बाई, तुमच्या भावाला दुपारीच नेलं. मला कागद फक्त बघायला मिळाला."

"नेलं?"

"गाडी गेली." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "तुम्ही तक्रार लिहा. मी पुढे पाठवतो. हे माझ्या हातातलं आहे, एवढं मी करेन."

बाईंनी तिथेच उभ्याने तक्रार लिहिली. हवालदाराने न विचारता साक्षीदार म्हणून खाली सही केली. सही करताना त्याचा जांभळा अंगठा कागदावर टेकला होता. "उद्यापासून माझी बदली ठरलेलीच आहे आता," तो म्हणाला. "बायकोला थंड हवा आवडते, तिकडे पाठवलं तर बरं."

घरी दिवा लागला होता. आईने धाकट्याचं ताट वाढून ठेवलं होतं. दारात एकटी लेक बघून ती मागे कुणी आहे का ते पाहायला बाहेर गेली, रस्त्याच्या टोकापर्यंत बघून परत आली.

शिवणबाईंनी चप्पलसुद्धा काढली नाही. सगळं सांगितलं. काकांनी काय मागितलं होतं, आपण काय नाकारलं, गाडी कधी गेली. आपली बाजू सजवली नाही, काही वगळलंही नाही. आईने ताट उचललं, वाढलेलं पातेल्यात परत ओतलं, ताट विसळून उपडं ठेवलं.

"मोठा तुरुंग किती लांब?" आईने पाठ न वळवता विचारलं.

"दिवसभराचा प्रवास आहे."

"भेटू देतात?"

"साहेब म्हणाले, अर्ज करावा लागतो. करू."

"मी तुझ्यावर रागावलेय."

"हो, आई."

"पुष्कळ दिवस रागावणार आहे. मध्ये मध्ये बोलले तरी राग गेला असं समजू नकोस."

"नाही समजणार."

आई आतल्या खोलीत गेली. बराच वेळ ट्रंक उघडल्याचे, कपडे हलवल्याचे आवाज येत राहिले. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात धाकट्याचा लोकरीचा कोट होता. "तिकडे थंडी असते म्हणतात. याची बाही खांद्यात उसवलीय," ती म्हणाली, आणि कोट लेकीच्या मांडीवर ठेवून दिव्याची वात मोठी करून शेजारी बसली.

शिवणबाईंनी सुई घेतली. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. आईने थोडा वेळ पाहिलं. मग त्यांच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवला, शेवटी गाठ मारली आणि परत दिली.